भेट, परतभेट आणि न मिटवायचा हिशेब

कुणीतरी तुम्हाला भेट देतं. तुम्ही वेष्टन उघडता, आवडली असं सांगता, मनात किमतीचा अंदाज बांधता आणि खिशातून तेवढेच पैसे काढून देणाऱ्याच्या हातावर ठेवता. निव्वळ व्यवहार म्हणून पाहिलं तर यात काहीच वावगं नाही. कुणाचं कुणाकडे काही उरलं नाही. तरीही समोरचा माणूस दुखावला जाईल, कदाचित कायमचा. दुकानातून पैसे न देता निघालात तर चोर ठराल, आणि भेटीचे पैसे चुकते केलेत तर उद्धट.

भेट फुकट असते असं आपण तोंडाने म्हणतो. ती पूर्णपणे फुकट नसते हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. दोघंही ते बोलून दाखवत नाहीत, एवढंच. जगभरच्या देण्याघेण्याच्या चालीरीती वरवर कितीही वेगळ्या दिसल्या तरी त्यातल्या बऱ्याचशा याच एका कामासाठी असतात: हिशेब ठेवायचा, पण तो दिसू द्यायचा नाही आणि पुरता मिटूही द्यायचा नाही.

हा विचार नीट मांडला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ निबंधात पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया व मेलानेशिया या बेटसमूहांतल्या आणि वायव्य अमेरिकेतल्या समाजांची वर्णनं आणि जुने कायदे यांची तुलना आहे. मोस स्वतः या बेटांवर कधी राहिले नव्हते. इतरांनी गोळा केलेली माहिती वाचून त्यांनी निष्कर्ष काढला की भेटीमागे तीन बंधनं असतात. देण्याचं, घेण्याचं आणि परत देण्याचं. पहिलं आणि तिसरं आपल्याला लगेच पटतं. दुसरं सहसा लक्षात येत नाही, पण ते तितकंच कडक आहे. भेट नाकारणं म्हणजे ‘तुझ्याशी संबंध नको’ असं तोंडावर सांगणं. म्हणूनच न आवडलेली वस्तूसुद्धा आपण हसून घेतो आणि कपाटात मागे ढकलतो.

परत देण्याचं बंधन किती खोल रुजलेलं आहे हे दाखवणारे दोन प्रयोग बरेच गाजले. १९७१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांनी काही जणांना त्यांच्या जोडीदाराकरवी, न मागता, शीतपेयाची एक बाटली देवविली. हा जोडीदार प्रयोग करणाऱ्यांचाच माणूस होता. थोड्या वेळाने त्याने लॉटरीची तिकिटं विकायला काढली. ज्यांना बाटली मिळाली होती त्यांनी इतरांच्या मानाने जवळजवळ दुप्पट तिकिटं घेतली. तो माणूस त्यांना आवडला होता की नाही, याने फारसा फरक पडला नाही. दुसरा प्रयोग फिलिप कुंझ आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. त्यांनी नाताळची शुभेच्छापत्रं साफ अनोळखी लोकांना पाठवली. साधारण पाचांतल्या एकाने उत्तरादाखल शुभेच्छापत्र पाठवलं! आपण कुणाला उत्तर देतोय हेही ठाऊक नसताना.

इथवर वाचून वाटेल की भेट म्हणजे सभ्य कपडे घातलेलं कर्ज. पण कर्ज फेडलं की विषय संपतो. भेटीचा विषय संपू नये अशीच सगळ्यांची धडपड असते, आणि ते सर्वांत ठळकपणे दिसतं न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या बेटांवर.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हे मानववंशशास्त्रज्ञ ट्रोब्रियांड बेटांवर राहिले आणि तिथल्या ‘कुला’ नावाच्या पद्धतीचं वर्णन त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं. दूरदूर पसरलेल्या बेटांचं एक मोठं वर्तुळ आहे. त्यात लाल शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने. माळ मिळाली की कालांतराने त्याच माणसाला कडं द्यायचं. कडं मिळालं की माळ. कोणतीही वस्तू कुणाकडे कायमची राहत नाही. थोडा काळ ठेवायची, मिरवायची आणि पुढे द्यायची. यातली बरीचशी कडी इतकी लहान असत की ती हातात चढतही नसत. नावाजलेल्या वस्तूंना स्वतःची नावं होती आणि त्या कुणाकुणाकडून आल्या याचा इतिहास लोकांना तोंडपाठ असे. मालिनोव्स्कींना यावर खेळातला फिरता चषक आठवला, आणि ती तुलना अजूनही चपखल वाटते.

जीव धोक्यात घालून, होड्यांतून मोकळा समुद्र ओलांडून, वापरता न येणारी कडी आणायची कशासाठी? कारण कड्यासोबत एक माणूस मिळे. कुलातली भागीदारी जन्मभराची असे. परक्या बेटावर उतरल्यावर, जिथले लोक जादूटोणा करतील अशी धास्ती असे, तिथे हा भागीदार तुम्हाला आसरा देई, खाऊपिऊ घाली, तुमची बाजू घेई. याच सफरीत रोजच्या गरजेच्या मालाची अदलाबदलही होई. तिच्यात घासाघीस चाले आणि तिला वेगळं नाव होतं, ‘गिमवाली’. मात्र आपल्या कुला भागीदाराशी घासाघीस करायची नाही. एखादा माणूस कुलात फारच हिशेबी वागला तर ‘हा कुला गिमवालीसारखा करतो’ असं लोक हिणवत. बाजार त्यांना नीट कळत होता. भेट त्यापासून जाणूनबुजून वेगळी ठेवलेली होती.

हे वेगळेपण टिकवण्याचं मुख्य साधन म्हणजे वेळ. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी अल्जीरियातल्या कबाईल समाजाचा अभ्यास करताना यावर बोट ठेवलं. परतभेट उशिरा यायला हवी आणि ती वेगळी असायला हवी. लगेच दिली तर उपकार झटकून टाकल्यासारखं दिसतं. तीच वस्तू परत दिली तर तो नकारच झाला. मधल्या काळात दोन्ही बाजूंना, ‘मी मनापासून दिलं, बदल्यात काही मागितलं नाही,’ असं खरोखर वाटू शकतं. यात कुणी ढोंग करतंय असं मला वाटत नाही. मधल्या काही महिन्यांत नातं खरंच घडत असतं. आपण किमतीची चिठ्ठी काढून टाकतो, वस्तू कागदात गुंडाळतो, ‘काही आणायची गरज नव्हती’ म्हणतो, तेही याच जातीचं काम आहे. चिठ्ठी काढल्याने किंमत कळायची थांबत नाही. ‘आपण किंमत बघत नाही आहोत’ एवढं ठरून जातं.

पण प्रत्येक भेट प्रेमाने दोन माणसांना जोडते, असं मानायचं कारण नाही. ती माणसाला खाली दाबूही शकते. परत करता येणार नाही एवढं दिलं की घेणारा कायमचा मिंधा. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या ‘मोका’ प्रथेत डुकरं आणि शिंपले द्यायचे असतात. जेवढं मिळालं त्यापेक्षा जास्त परत करायचं, आणि त्या जास्तीच्या भागातच सगळी प्रतिष्ठा. तिथले पुढारी संपत्ती साठवून नव्हे, वाटून मोठे होतात.

या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज वाट्याला आले ते उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ‘पॉटलॅच’च्या. क्वाक्वाकावाक्व, हायडा, ट्लिंगिट अशा समाजांतला घरंदाज यजमान मोठा समारंभ भरवतो आणि पाहुण्यांना घोंगड्या, होड्या, खाद्यपदार्थ, घरगुती वस्तू असं भरभरून वाटतो. एकोणिसाव्या शतकात ही चढाओढ इतकी वाढली की कधी माशांचं मौल्यवान तेल जाळलं जाई, तर कधी तांब्याचे मानाचे पत्रे फोडले जात. बाहेरून पाहणाऱ्यांना तो निव्वळ उधळेपणा वाटला. प्रत्यक्षात पॉटलॅच हे त्या समाजाचं नोंदणी कार्यालय होतं. बाळाचं नामकरण, लग्न, वारसाहक्क, एखाद्या मयताची पदवी कुणाकडे गेली, हे सगळं तिथे जाहीर होई. लेखी कागद नव्हते, म्हणून पाहुणे हेच साक्षीदार. त्यांनी भेट स्वीकारली म्हणजे यजमानाचा दावा मान्य केला. घेण्याच्या बंधनाला इथे चक्क कायद्याचं वजन होतं.

कॅनडाच्या सरकारला हे उमगलं नाही, किंवा उमगलं म्हणूनच खुपलं. १८८४ मध्ये कायदा करून पॉटलॅचवर बंदी घातली गेली आणि पुढच्या वर्षी ती लागू झाली. लोक लपूनछपून समारंभ करत राहिले. १९२१ मध्ये व्हिलेज आयलंडवरच्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर ४५ जणांवर खटले भरले गेले. मुखवटे, पोशाख, तांब्याचे पत्रे सरकारजमा करायला तयार झाले त्यांची तुरुंगातून सुटका झाली. बाकीच्यांपैकी कित्येकांनी तो भोगला. वस्तू संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे गेल्या. बंदी उठायला १९५१ उजाडलं. जप्त झालेल्यांपैकी बऱ्याच वस्तू पुढे परत मिळाल्या आणि त्या ठेवण्यासाठी १९८० मध्ये अलर्ट बे इथे उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं. वाटून टाकण्याबद्दल माणसं तुरुंगात गेल्याची उदाहरणं इतिहासात फार नसावीत.

दोन दरबारांमधल्या भेटींतही प्रश्न तोच असतो, वरचा कोण आणि खालचा कोण. १७९३ मध्ये ब्रिटनचे दूत लॉर्ड मॅकार्टनी चीनच्या च्येनलुंग सम्राटाकडे दुर्बिणी, घड्याळं, ग्रहगोलांची यंत्रं, बग्ग्या असं बरंच काही घेऊन गेले. बरोबरीच्या राजाकडून आलेली, आपलं कौशल्य दाखवणारी भेट, अशी ब्रिटिशांची समजूत. चिनी दरबाराच्या लेखी मात्र तो दूरच्या मांडलिकाने आणलेला नजराणा होता. सम्राटाने रीतीप्रमाणे परतभेटी दिल्या आणि तुमच्या देशातल्या मालाची आम्हाला गरज नाही अशा अर्थाचं उत्तर राजे तिसरे जॉर्ज यांना पाठवलं. व्यापाराच्या सवलती मिळाल्या नाहीत त्या नाहीतच.

आता कुठे काय द्यावं आणि काय देऊ नये याकडे वळू. अशा नियमांच्या याद्या भरपूर मिळतात. मला त्यांतला थोडाच भाग उपयोगी वाटतो. रशियात आणि पूर्व युरोपच्या बऱ्याच भागांत जिवंत माणसाला फुलं विषम संख्येत देतात, सम संख्या अंत्यविधीसाठी. फ्रान्स आणि इटलीत शेवंती थडग्यावर वाहतात, म्हणून ती घेऊन कुणाच्या घरी जात नाहीत. चिनी समाजात घड्याळ भेट देणं अशुभ, कारण त्या शब्दांचा उच्चार मरणाऱ्याला अखेरचा निरोप देण्यासारखा होतो. युरोपात अनेक ठिकाणी सुरी भेट मिळाली तर मैत्री कापली जाऊ नये म्हणून देणाऱ्याला एक नाणं देतात, म्हणजे भेटीची नावापुरती खरेदी होते. या यादीतला शेवटचा नियम सोडला तर बाकी सगळे मृत्यूची आठवण टाळण्यासाठी आहेत. तेवढं ध्यानात ठेवलं तर अनोळखी देशात नुसतं विचारून काम भागतं: ‘अंत्यविधीला तुमच्याकडे काय देतात?’

भेट देणाऱ्यासमोर उघडायची की नाही, हा मात्र खराच फरक आहे. अमेरिकेत ती तिथेच उघडून आनंद दाखवायचा असतो. न उघडता बाजूला ठेवली तर देणारा हिरमुसतो. चीन आणि जपानमध्ये जुन्या रीतीप्रमाणे ती नंतर, एकट्याने उघडतात. एका ठिकाणी कौतुकाला साक्षीदार हवा, दुसरीकडे चेहऱ्यावरची निराशा कुणी पाहू नये. इराणमध्ये आधी एकदोनदा नको म्हणायचं आणि समोरच्याने पुन्हा आग्रह करायचा ही रीत आहे. पहिला नकार खरा मानून वस्तू परत नेणाऱ्या परदेशी माणसाची तिथे चांगलीच पंचाईत होते.

हिशेब लपवण्याऐवजी तो ठरवूनच टाकावा, हा मार्ग जपानने बऱ्याच अंशी स्वीकारला आहे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात ‘ओचुगेन’ आणि वर्षाअखेरीस ‘ओसेइबो’, ज्यांच्या उपकारात आहोत त्यांना भेटी पाठवतात. कुणाच्या घरी मृत्यू झाला की पाकिटातून पैसे देतात आणि ते कुटुंब पुढे साधारण निम्म्या किमतीची वस्तू परत पाठवतं. हे निम्मं प्रमाण मला फार शहाणपणाचं वाटतं. आभार पोचतात, तरी उपकार पूर्ण फिटत नाही. लग्नाच्या पाकिटात कोऱ्या नोटा आणि शोकाच्या पाकिटात वापरलेल्या. शोकाच्या पाकिटात कोऱ्या असल्या तर मृत्यू येणार म्हणून आधीच काढून ठेवल्या होत्या असं वाटेल. व्हॅलेंटाइन दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात, सहकाऱ्यांना केवळ रीत म्हणून द्यायचं चॉकलेट वेगळं, आणि बरोबर महिन्याने, १४ मार्चला, पुरुषांनी परत द्यायचं. हा दुसरा दिवस १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिठाई उद्योगाने रुजवला. परतभेटीच्या ओढीवर उद्योग उभा राहतो तो असा.

घरात, जवळच्या माणसांत, हिशेब सैल होतो. मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साह्लिन्स यांनी १९७२ मध्ये याची एक उतरंड मांडली: अगदी जवळच्यांत परत केव्हा आणि किती याची मोजदाद नाही, ओळखीच्यांत बरोबरीची अपेक्षा, आणि परक्यांशी जमेल तेवढं पदरात पाडून घेणं. समाजशास्त्रज्ञ थिओडोर कॅप्लो यांनी अमेरिकेतल्या मन्सी शहरातल्या नाताळच्या भेटी तपासल्या तेव्हा आईवडील मुलांना देत होते ते मुलं त्यांना देत होती त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि कुणालाच त्यात काही खटकत नव्हतं. नियम कुठे लिहिलेले नव्हते, कुणी शिक्षाही करत नव्हतं, तरी सगळे ते पाळत होते.

परतफेड अशक्यच असेल तर? दानाचा विचार करणाऱ्यांना हा प्रश्न जुन्या काळापासून पडलेला आहे. बाराव्या शतकातले ज्यू विद्वान मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यात देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नाव कळत नाही ती पायरी फार वरची. त्याहूनही वरची एकच, समोरच्याला स्वतःच्या पायावर उभं करणं, म्हणजे पुन्हा घ्यावंच लागू नये. रक्तदानात हे अनामिकपण आपोआप येतं. ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये ब्रिटनच्या मोफत रक्तदानाची अमेरिकेतल्या पैसे देऊन घेतलेल्या रक्ताशी तुलना केली. विकत घेतलेल्या रक्तातून कावीळ पसरण्याचा धोका जास्त, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. पैशासाठी रक्त देणाऱ्याला आपला आजार लपवायचं कारण असतं.

अवयवदान याहून अवघड. रेनी फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या दोन अमेरिकी अभ्यासकांनी प्रत्यारोपण झालेल्या कुटुंबांत बराच काळ काढला. त्यांना दिसलेल्या गोष्टीला त्यांनी ‘भेटीचा जुलूम’ असं नाव दिलं. भावाने किंवा आईने दिलेलं मूत्रपिंड ही भेट कशानेही फिटत नाही. घेणारा त्या ओझ्याखाली वावरतो, कधी देणाऱ्याला टाळू लागतो. देणाऱ्याला वाटतं की आता याच्या आयुष्यात बोलायचा आपल्याला हक्क आहे. मृत दात्यांच्या बाबतीत सुरुवातीच्या काळात काही रुग्णालयं दोन्ही कुटुंबांना एकमेकांची माहिती देत. मग काही नातेवाईक अवयव मिळालेल्या माणसात आपलं गेलेलं माणूस शोधू लागले. आज बऱ्याच देशांत दात्याचं नाव गुप्त ठेवतात त्यामागे हाही अनुभव आहे. मोस यांचं तिसरं बंधन किती खरं आहे हे मला कुला किंवा पॉटलॅचपेक्षा इथे जास्त पटतं.

अर्थशास्त्रज्ञांनी भेटीकडे पाहिलं की बहुतेक वेळा त्यांना नासाडी दिसते. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, मिळालेल्या भेटींसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून त्यांनी हिशेब काढला की किमतीच्या १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो. मित्रांच्या आणि जोडीदाराच्या भेटी नेमक्या, आजीआजोबा आणि काकामामांच्या भेटी सर्वांत चुकलेल्या. पुढे इतरांनी तोच प्रश्न थोडा वेगळा विचारला तेव्हा उलटा निकालही आला, लोकांनी भेटीला तिच्या किमतीपेक्षा जास्त मोल दिलं.

मग सरळ पैसेच का देऊ नयेत? देतातही, पण नुसते हातावर क्वचितच ठेवतात. चिनी समाजात लाल पाकीट, जपानमध्ये दोऱ्यांनी बांधलेलं पाकीट, पाश्चात्त्य देशांत दुकानाचं भेटकार्ड. नोटेला आधी भेटीचं रूप द्यावं लागतं, मगच ती देता येते. भेटकार्ड हा तर चमत्कारिकच प्रकार: रक्कम तीच, पण कुठे खर्च करायची यावर बंधन, आणि तरी ते रोख पैशापेक्षा सभ्य वाटतं.

खर्चाबद्दल मात्र एक गोष्ट जमेची आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांच्या २००९ मधल्या अभ्यासात देणाऱ्यांना वाटत होतं की भेट जेवढी महाग तेवढी ती जास्त आवडेल; साखरपुड्याच्या अंगठीबद्दलही पुरुषांचा हाच समज. घेणाऱ्यांच्या उत्तरांत किंमत आणि आवड यांचा तसा संबंध सापडला नाही. नंतरच्या एका अभ्यासात असंही दिसलं की स्वतः सांगितलेली वस्तू मिळाली की लोक जास्त खूश होतात, तर देणाऱ्यांना मात्र यादीबाहेरचं काहीतरी शोधून आणावंसं वाटतं.

राहिली लाच. ती वेगळ्याच मुशीतून येत नाही, हीच अडचण आहे. देणं, घेणं, परत देणं, सगळं तेच. फक्त परत द्यायची वस्तू ही घेणाऱ्याची स्वतःची नसते, त्याच्या पदाची असते. म्हणून तर कायद्याला घेण्याचं बंधनच मोडावं लागतं. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेनुसार संसदेच्या परवानगीशिवाय कुठल्याही अधिकाऱ्याला परक्या राजाकडून भेट घेता येत नाही. हा नियम आणि जुना शिष्टाचार यांची टक्कर १८३९ मध्ये मोरोक्कोतल्या टँजियर इथे झाली. सुलतानाच्या माणसाने तिथल्या अमेरिकी दूतासाठी सिंह आणि सिंहीण आणली. दूत म्हणाला, आमच्या कायद्यात हे बसत नाही. आणणारा म्हणाला, परत नेली तर माझं डोकं जाईल. शेवटी दूताने सिंहांना वकिलातीतल्या एका खोलीत ठेवून घेतलं, सरकारला पत्र लिहून आता काय करू असं विचारलं, आणि पुढे अमेरिकेत नेऊन त्या जोडीचा लिलाव झाला.